हाकेसरशी धावणारी पिल्लं

आमच्या घरात बदक आलं ते एका मालिकेच्या शूटिंगमधून. मढला आमच्या घराला लागूनच एक बंगला आहे. मालक दुबईत की कुठे असतो, आणि बंगल्यात वर्षभर कुणाचं ना कुणाचं लग्न, खून नाहीतर बारसं चालू असतं, सगळं कॅमेऱ्यासमोर. दिवाळीच्या आधी तिथे तळ्याकाठचा प्रेमप्रसंग होता. तळं म्हणजे निळं प्लास्टिक अंथरून त्यात ओतलेलं टँकरचं पाणी. त्यात सोडायला भाड्याने बदकं आणली होती. शूटिंग संपलं, बदकवाला पिंजरा उचलून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरी मादी आमच्या मागच्या अंगणात, उलट्या घातलेल्या जुन्या होडीच्या सावलीत बसलेली.

"मस्त सुका करू," माझी सासू म्हणाली. बदकाकडे बघत नव्हे, त्याच्या वजनाकडे बघत.

"आई, ते दुसऱ्याचं आहे."

"दुसऱ्याचा हाय तर दुसरा येल न्यायला. नाय आयला तर आपला."

दुसरा आलाच नाही. माझ्या नवऱ्याने, विकीने, दोनदा फोन लावला. बदकवाल्याचा नंबर बंद. मी बदकाची बाजू घेतली ती काही बदकाच्या प्रेमाने नाही. सासूशी वाद घालायला मला फारसं कारण लागत नाही, आणि तिला तर अजिबातच लागत नाही. मी विक्रोळीची, कन्नमवार नगरची, संघमित्रा, सासूच्या तोंडी नुसती मित्रा. विकी शूटिंगला जनरेटर पुरवतो. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात दिवे गेले तेव्हा त्याचा जनरेटर आला आणि पाठोपाठ तो. लग्नाला दोन वर्षं झाली. आमच्या पप्पांनी लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला 'का?' विचारायला शिकवलं, आणि माझ्या सासूच्या, सखुबाईच्या घरात 'का?'ला उत्तर एकच, "आमच्यात तसाच असतं." आता तुम्हीच सांगा, आमचं कसं जमणार!

सखुबाईने पस्तीसेक वर्षं मालाडच्या बाजारात मासळी विकली. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बाजार सोडला, पण आवाज बाजारातलाच राहिला. ती घरात मीठ मागते तेव्हा शेजारची माणसं मीठ घेऊन येतात. दार ढकलताना बोलते, पोळी लाटताना बोलते, झोपेतही भाव करते. मी मालाडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, दिवसभर लोकांची हळू आवाजातली गाऱ्हाणी ऐकते, आणि संध्याकाळी घरी आले की कानांना धक्का बसतो.

तर बदकाचं सुकं आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहिलं. गल्लीच्या टोकाला तांडेलांकडे बदकं आहेत, त्यांचा नर आमच्या अंगणात चकरा मारायला लागला. पुढे होडीखाली अंडी दिसली, आणि बदकीण त्यांच्यावर जी बसली ती हलेना. सखुबाईचा नूर त्याच दिवशी पालटला.

"बालंतीन हाय ती," तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "तिला कोन हात लावल त्याचा हात मी बगेन."

"सुकं कोण करणार होतं, आई?"

"तुला कायतरीच आठवतं, मित्रा."

मग काय, भातात सुकट कालवून बाळंतिणीची थाळी होडीखाली जायला लागली. मला तापात सुद्धा कुणी अशी थाळी दिली नव्हती. पिल्लं निघाली तेव्हा सखुबाई होडीसमोर पालथी पडून मोजत होती, गुडघ्यांचं दुखणं कुठच्या कुठे. सात होती. पिवळी, ओलसर, स्वतःच्याच पायांत अडकणारी. "बदकिणीने नंबर लावला, तुमचा कधी?" असं शेजारणी मला विचारायला लागल्या, आणि पहिल्यांदाच सखुबाईने माझ्या बाजूने तोंड उघडलं. "तिचा ती बगेल. तुमी तुमच्या चुली बगा." हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, पण त्या दिवशी ती मला फार आवडली होती.

बदकीण हुशार होती. आमचं मागचं अंगण उघडं. एका बाजूला बोंबील वाळत घालायची बांबूंची वलांडी, मध्ये मासळी साफ करायचा दगड, आणि कोपऱ्यात ती होडी. ती पिल्लांना दिवसभर होडीखाली किंवा वलांडीखाली ठेवायची. उघड्यावर म्हणून आणायची नाही. फक्त एका वेळी आणायची, सकाळी, सखुबाईने हाक मारली की.

त्या हाकेची गोष्ट सांगायला हवी. विकीचे बापू, रामनाथ, होडीवर जातात, एकेका फेरीला तीन-चार दिवस समुद्रावर असतात. सखुबाईच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांची होडी वादळात अडकली. दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या सकाळी सखुबाई इथेच दगडावर रडत बसली होती तर समोर कौलावर एक घार येऊन बसली. तिने हातातली मासळी तिच्याकडे भिरकावली, घारीने ती हवेत झेलली, आणि संध्याकाळी बापूंची होडी बंदरात लागली. त्या दिवसापासून घरात साफ होणाऱ्या पहिल्या मासळीचा वाटा घारीचा. बापू समुद्रावर असोत नाहीतर माजघरात घोरत असोत, सकाळी सखुबाई दगडावर बसणार, मान वर करून बाजारातल्या आवाजात "ये गोऽ, ये गोऽ माय!" म्हणून हाक मारणार, आणि घार येणार. कुठल्या पिढीची घार कोण जाणे, पण येणार. विकी लहानपणापासून तिला मावशी म्हणतो.

"आई, होडी वारा पडला म्हणून आली. घारीचा काय संबंध?" असं मी लग्न होऊन आल्या आल्याच विचारून बसले होते.

"तू आसतीस तर काय केला आसतास?"

"हवामान खात्याचा अंदाज बघितला असता."

"मग तो बगून तुझा नवरा घरी आण," असं म्हणून ती जी उठली, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घर एवढं शांत झालं की मलाच झोप येईना.

तर ह्याच दगडावर, ह्याच वेळी, आतडी-डोकी खाली पडायची ती बदकिणीने हेरली. एक दिवस हाकेसरशी तीही आली, मागे सातही पिल्लं. सखुबाई हरखून गेली. "बग, बग, माझी हाक वलकतात!" असं म्हणत तिने कोलंबीची सालं त्यांच्यापुढे टाकली. मग रोजचंच झालं. हाक आली की वरून घार आणि होडीखालून बदकांची रांग. मी त्या वेळी न्हाणीघरात नाहीतर बसच्या रांगेत असायची, विकी अंथरुणात. पण दिवसभर फोनवर ज्याला त्याला वर्णन ऐकावं लागायचं. पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांना हाका मारल्या, म्हणायची, पण इतकं धावत कोणी आलं नाय.

मग एका संध्याकाळी मी घरी आले तर पिल्लं सहा.

"बोका," विकी म्हणाला.

तांडेलांचा बोका गल्लीत बदनाम होता. दोन दिवस सखुबाई झाडू घेऊन त्याच्या मागे. तेवढ्यात आणखी एक गेलं, आणि त्या दिवशी बोका तांडेलांच्या पोटमाळ्यावर कोंडलेला होता, आणि त्याला साक्षीदार होते. मग मुंगूस झालं. विकीने कुंपणाची भोकं विटांनी बुजवली. पिल्लं पाचाची चार झाली. रक्त नाही, पीस नाही, आरडाओरडा नाही. बदकीण मात्र संध्याकाळी अंगणभर फिरून घशातल्या घशात बोलत राहायची. ते ऐकलं की मी ताट बाजूला सारायची. मला प्राण्यांचं फार प्रेम आहे अशातला भाग नाही, पण कुणीतरी मोजदाद करतंय आणि ती जुळत नाहीये, हे त्या आवाजात कुणालाही कळलं असतं.

चाराची तीन झाली तेव्हा सखुबाईने निकाल लावला. शूटिंगवाले. ती तडक बंगल्याच्या फाटकावर गेली आणि राखणदार चंद्रप्रकाशला बाहेर बोलावलं. हा मनुष्य कपाळाला गंध लावतो, तुळशीला पाणी घालतो, आणि मासळीचा वास सहन होत नाही म्हणून आमच्या दिशेची खिडकी सात वर्षं बंद ठेवतो.

"माझी पिल्ला तंदूर केलीस ना रं?"

"अम्मा, मैं तो अंडा भी नहीं खाता!" चंद्रप्रकाशच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू नाय खात, तुझा हिरो खातं!"

"हिरो तो डाएट पे है, अम्मा!"

मी तिला हाताला धरून परत आणलं. अंगणात आल्यावर ती दगडावर बसली आणि तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "माझ्या हाकेवर येतात गो ती, मित्रा. बारकी पोरा येतात तशी. आनि मी हितं आसून कोन घेऊन जातं ते मना दिसत नाय." तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. रडणंही मोठ्याने, पण खरं. तीन तरी वाचवायचीच, असं मी त्याच क्षणी ठरवलं. पिल्लांसाठी किती आणि तिच्यासाठी किती, ते मला सांगता यायचं नाही.

विकीचा जुना मोबाइल कपाटात पडून होता. तो त्याने वलांडीच्या बांबूला चिकटपट्टीने बांधला, दगड आणि होडी दोन्ही दिसतील असा, आणि दिवसभर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. सखुबाईला सांगितलं नाही, नाहीतर ती त्याच्यापुढे साडी बदलून बसली असती. बापू आदल्याच दिवशी समुद्रावर गेले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले तर पिल्लं दोन. मी पर्सही न ठेवता मोबाइल सोडवला आणि आमच्या खोलीत विकीसोबत बघत बसले. बोका नाही, मुंगूस नाही, हिरो तर नाहीच. सखुबाई दगडावर बसते. मान वर करते. "ये गोऽ, ये गोऽ माय!" घार खाली झेपावते, वाटा हवेत झेलते, वर जाते. होडीखालून बदकीण निघते, मागे तीन पिल्लं, उघड्या अंगणातून धावत धावत दगडाकडे. सखुबाई हसून काहीतरी बोलते, कोयता धुवायला बादलीकडे वळते. घार परत येते. आवाजसुद्धा होत नाही. सर्वांत मागचं पिल्लू नाहीसं होतं. सखुबाई वळते तेव्हा समोर बदकीण आणि दोन पिल्लं, आणि ती आधी वर बघून घारीला हात जोडते, मग खाली वाकून पिल्लांना सालं टाकते.

"आयला! मावशी!" विकी म्हणाला.

दोन वर्षं मी त्या घारीवरून वाद घातला होता. आता हातात पुरावा होता, चांगला रंगीत, आवाजासकट. मला वाटलं होतं की असा पुरावा हाताला लागला तर मी नाचेन. पण मी मोबाइल उशीवर पालथा ठेवला.

"आईला दाखवू नको, यार," विकी म्हणाला. "बापू समुद्रावर आहेत. ती मोडेल."

"आणि उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी पिल्लं टोपलीखाली झाकू."

"आणि परवा? तिला काय सांगायचं? टोपली का घातली?"

"तू सांग. तुला 'का'ची सवय आहे," तो म्हणाला, आणि माझा डोळा चुकवून जनरेटरला डिझेल घालायला निघून गेला. नवरे लोक अशा वेळी डिझेलच घालतात.

मी मागे गेले. सखुबाई भाताची ताटली घेऊन होडीसमोर उभी होती. "ये गोऽ, ये गोऽ" चाललं होतं. बदकीण होडीखाली अगदी आत, भिंतीला टेकून, दोन्ही पिल्लं पंखाखाली. जागची हलली नाही.

"सकालपासून येत नाय," सखुबाई म्हणाली. "हाक मारली का आनखी आत जातं. मी काय केला गो हिचा? मीच खाऊ घातला ना?"

बदकिणीला कळलं होतं. आमच्या आधी, मोबाइलशिवाय.

मी सखुबाईला दगडावर बसवलं, शेजारी बसले, आणि मोबाइल तिच्या हातात दिला. तिने बघितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बोटाने ते चित्र थांबवायचा प्रयत्न केला, जणू घार तिथेच थांबली तर पिल्लू वाचेल. मी वाट बघत होते की आता ती ओरडेल, मोबाइलला शिव्या घालेल, मला घालेल. तिने मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि आत गेली. रात्री जेवताना मीठ हवं होतं, तर स्वतः उठून घेतलं.

सकाळी मी दवाखान्यात फोन करून सुट्टी टाकली. सखुबाई दगडावर नव्हती, मागच्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर मासळीची परात. हाक मारली नव्हती. घार वेळेवर आली. कौलावर बसली, मान वाकडी करून खाली बघू लागली. मग शीळ घातली. सखुबाई परातीतली एकच मासळी उलटसुलट करत होती.

"आज चौथा दिवस हाय," ती म्हणाली. "बापू आज यायला पायजेत. आनि मी हिला आज उपाशी ठेवलाय."

"मग घाला तिला. पिल्लं मी टोपलीखाली ठेवते."

"नाय. ती हितं येल. उद्या टोपली काडलीस का उचलंल. तिचा काय चुकला? मीच शिकवलाय तिला, हितं खायाला मिलतं." तिने पदराने नाक पुसलं. "पन बापूंचा काय करू?"

पप्पांनी शिकवलेला 'का' माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. भीती वाटते तेव्हा वाऱ्याची दिशा सांगून कुणाची भीती गेली आहे का? मी म्हटलं, "आई, चला बंदरावर. तिथे वाटा देऊ. तिला खायला मिळेल, घरापासून लांब मिळेल."

एक चांगला हलवा मासा फडक्यात बांधून आम्ही दोघी निघालो. गुडघे धरून ती, तिला धरून मी. बंदरावर सखुबाईने कठड्याला टेकून मान वर केली आणि हाक मारली. आभाळात बघते तर काय, एक नाही, वीसेक घारी. शिवाय कावळे, बगळे, आणि खाली चार कुत्रे. तिने हलवा भिरकावला. घारी एकमेकींवर आपटल्या, हलवा सुटला, खाली पडला, आणि एका तांबड्या कुत्र्याने तो शेपटीसकट गिळला.

आम्ही दोघी त्या कुत्र्याकडे बघत राहिलो.

"वाटा कुत्र्याने खाल्ला," सखुबाई पांढरीफटक पडली.

आणि मला, देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण मला हसू आवरेना. हलव्याचा भाव मला माहीत होता. कुत्रा जीभ चाटत होता, अजून आहे का म्हणून बघत होता. सखुबाईने आधी माझ्याकडे डोळे वटारले. मग तिचाही खांदा हलायला लागला. आम्ही त्या कठड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि त्यातलं निम्मं पाणी हसण्याचं नव्हतं. तिने माझा हात धरला होता तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

बापू त्या दिवशी आले नाहीत. रात्रभर घरात कुणाचा डोळा लागला नाही. विकी बंदरावर, आम्ही उंबऱ्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, टोपलीभर मांदेली घेऊन, दाढी वाढलेली, काहीच न झाल्यासारखे. इंजिनाचा पट्टा तुटला होता, दुसऱ्या होडीने ओढत आणलं. सखुबाईने त्यांना सगळं सांगितलं: घार, पिल्लं, कुत्रा. रडत सांगितलं. बापूंनी चहा बशीत ओतला, फुंकला.

"अगो, आमी डिजल संपला का येताव. नायतर बरफ संपला का येताव," ते म्हणाले. "तू घारीला घालतस ते मना आवडतं, कोनतरी वाट बगतं आसा वाटतं. पन घार कवा माझ्या होडीवर डिजल घेऊन आयली नाय."

सखुबाई इतकी वर्षं घारीला घालत होती, आणि हे वाक्य ते आज बोलले. काही माणसांना बोलायला इंजिनाचा पट्टाच तुटावा लागतो.

चहा संपल्यावर बापू उठले आणि माळ्यावरचं जुनं जाळं काढलं. ते अंगणावर ताणायला उंच शिडी हवी होती, आणि शिडी होती बंगल्यात. म्हणजे चंद्रप्रकाशकडे. सखुबाई स्वतः गेली, सोबत ओल्या नारळाच्या वड्या घेऊन, वेगळ्या कढईत केलेल्या, हे तीनतीनदा सांगत. चंद्रप्रकाशने वडी खाल्ली, शिडी दिली, आणि वर चढून जाळ्याची दोन टोकं स्वतः बांधली, नाकाला रुमाल लावून. घार पुढे बरेच दिवस कौलावर यायची, जाळ्यातून खाली बघायची. सखुबाई तिच्याकडे बघायची नाही. मग घारीने येणं सोडलं. त्या दिवशी सखुबाई जेवली नाही, आणि मीही तिला 'का' विचारलं नाही.

जाळ्याखाली आता काही भीती नव्हती. पण ते आम्हाला माहीत होतं, बदकिणीला नाही. सखुबाई रोज सकाळी दगडावर बसायची आणि हाक मारायची. तोच आवाज, तेच "ये गोऽ". बदकीण होडीखाली आणखी आत सरकायची. मी टाकलेला भात खायची, विकीच्या पायांत यायची, बापूंच्या तर चपलेवर झोपायची. सखुबाई दिसली की पिल्लांना घेऊन पसार. सखुबाईने गोड आवाजात बोलावून पाहिलं, कोलंबी दाखवून पाहिली. एकदा रागाने, "जा मग, मर उपाशी!" म्हणाली आणि लगेच दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"ती वलकतं मना," एक दिवस ती म्हणाली. "बरोबर वलकतं. माझ्या हाकेवर पोरा गेली तिची."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं, आई."

"तिला कुठं ठाव हाय, मना ठाव नव्हता ते?"

त्यानंतर सकाळची हाक बंद झाली. एवढंच नाही, मागच्या अंगणात पाऊल टाकलं की सखुबाई गप्प. दाराबाहेर गल्लीशी भांडायची, आणि मागचा उंबरा ओलांडला की तोंड मिटायची. बापूंना वाटलं घसा बसला, त्यांनी सुंठ आणली. विकीने विचारलं, आई, डॉक्टरकडे नेऊ का? मी रिसेप्शनवर बसणारी बाई, मला लोकांच्या गप्प बसण्यातला फरक कळतो. मी दोघांनाही म्हटलं, तिला राहू द्या.

पिल्लांच्या पिवळ्या लोकरीतून पांढरी पिसं डोकावायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी मी दात घासत मागच्या दाराशी आले. सखुबाई दगडावर बसून बोंबील साफ करत होती. न बोलता, मान खाली. आतडी दगडाच्या कडेला सरकवत होती, टाकतसुद्धा नव्हती, आवाज होईल म्हणून.

बदकीण होडीच्या कडेला आली. थांबली. अर्ध्या अंगणात आली. परत थांबली, एक डोळा वर जाळ्याकडे, एक सखुबाईकडे. मग घशातल्या घशात काहीतरी बोलली, आणि मागून दोन्ही पिल्लं आली, आता चांगली थोराड, तरी पायांत पाय अडकतच होते. ती तिघं दगडापाशी आली आणि सखुबाईच्या पावलाला लागून खाऊ लागली. एक पिल्लू तिच्या अंगठ्यावरच उभं राहिलं.

सखुबाईने अंगठा हलवला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हात मासळीने भरले होते, पुसता येत नव्हतं. मी दारात दिसले तशी तिने मान किंचित हलवली, बोलू नको म्हणून. मी तोंडात ब्रश धरून हळूच उंबऱ्यावर बसले.

मग ती बोलली. दोन वर्षांत मी तिला कुजबुजताना ऐकलं नव्हतं.

"दोनच हायत गो, मित्रा."

मी ब्रश काढला. "हो आई," मी तेवढ्याच हळू म्हटलं. "दोन आहेत."